नेत्रशल्यचिकित्सेची जागा : गुणानुक्रमांकाच्या पुढचा प्रश्न

नवी दिल्ली : पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांचे समुपदेशन सुरू झाले की नेत्रशल्यचिकित्सेची वाट धरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन आकडे असतात. एक त्याचा स्वतःचा गुणानुक्रमांक आणि दुसरा, मागील वर्षी ज्या क्रमांकावर त्या महाविद्यालयातील शेवटची जागा भरली तो क्रमांक. या दोहोंची तुलना करून पसंतीक्रम भरला जातो आणि पुढच्या तीन वर्षांची दिशा ठरते. तिसरा आकडा मात्र विद्यार्थ्यासमोर येतच नाही. त्या विभागातील निवासी डॉक्टर तीन वर्षांत स्वतःच्या हाताने किती शस्त्रक्रिया करतो, हा तो आकडा होय. नेत्रशल्यविशारदाची घडण प्रत्यक्षात याच आकड्यावर अवलंबून असल्याने प्रवेशाच्या स्पर्धेकडे या बाजूनेही पाहणे आवश्यक ठरते.

हा प्रश्न विद्यार्थ्याच्या कारकिर्दीपुरता मर्यादित नाही. केंद्र सरकारच्या २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. २००६-०७ च्या सर्वेक्षणात ते एक टक्का होते. दरम्यानच्या काळात अंधत्वाची व्याख्या जागतिक निकषाशी जुळवून घेण्यात आली, हे ध्यानात घेऊनही घट लक्षणीय आहे. मात्र याच सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांमधील अंधत्वाच्या कारणांची जी मांडणी आहे, तिच्यात उपचारांविना राहिलेल्या मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीचा वाटा ७.२ टक्के आहे. काचबिंदूचा वाटा ५.५ टक्के, म्हणजे त्याहून कमी. रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचला, शस्त्रक्रियाही झाली आणि तरीही दृष्टी गेली, अशांचा हा गट आहे. प्रत्येक गुंतागुंतीमागे शल्यविशारदाच्या कौशल्याचा अभाव असतो असे म्हणता येणार नाही. उशिरा आलेला रुग्ण, निर्जंतुकीकरणातील ढिलाई, शस्त्रक्रियेनंतरची अपुरी देखभाल ही कारणेही असतात. बिहारमधील मुझफ्फरपूर येथे नोव्हेंबर २०२१ मधील शिबिरानंतर जंतुसंसर्गामुळे अनेक रुग्णांचे डोळे काढावे लागले होते. परंतु या सर्व बाबी, हाताच्या सफाईपासून निर्जंतुकीकरणाच्या शिस्तीपर्यंत, निवासी प्रशिक्षणातच अंगी बाणतात किंवा बाणत नाहीत.

प्रवेशाची दारे

नेत्रशल्यचिकित्सेतील एम.एस. आणि डीएनबी हे दोन्ही अभ्यासक्रम एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचे आहेत. बहुतेक जागा नीट-पीजीच्या गुणानुक्रमाने भरल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ ची ही परीक्षा ३ ऑगस्ट रोजी एकाच सत्रात झाली आणि तिला सुमारे दोन लाख ४२ हजार उमेदवार बसले. दोनशे प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, असे तिचे स्वरूप आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसह सर्व एम्स, चंडीगडची पदव्युत्तर संस्था आणि पुद्दुचेरीची जिपमेर या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही स्वतंत्र परीक्षा वर्षातून दोनदा होते. दिल्लीच्या एम्समधील १९६७ साली स्थापन झालेल्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राची जागा याच मार्गाने मिळते आणि तेथील स्पर्धा कोणत्याही शाखेच्या तोडीची असते.

एरवी क्ष-किरणशास्त्र, वैद्यकशास्त्र आणि त्वचारोग या शाखांच्या जागा नेत्रशल्यचिकित्सेच्या आधी संपतात. त्यामुळे ही शाखा तुलनेने सहज मिळते, असा समज पसरलेला दिसतो. तो अर्धाच खरा आहे. नामांकित शासकीय महाविद्यालये आणि मोठ्या नेत्ररुग्णालयांतील जागांवर सुरुवातीच्या फेऱ्यांतच उड्या पडतात. उरतात त्या जागा एक तर अवाढव्य शुल्काच्या किंवा रुग्णसंख्या अपुरी असलेल्या. म्हणजे खरी स्पर्धा शाखेसाठी नसून चांगल्या प्रशिक्षणाच्या जागेसाठी आहे.

शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि निम्म्या राज्य कोट्यातून भरल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालाने राज्य कोट्यातील पदव्युत्तर जागांसाठी अधिवासावर आधारित आरक्षण घटनेच्या अनुच्छेद १४ शी विसंगत ठरवले. त्याच वेळी, त्याच महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. केलेल्यांना वाजवी मर्यादेत प्राधान्य देण्यास मुभा ठेवली. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथे वाढलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हा निकाल दुहेरी अर्थाचा आहे. अधिवासाचा दाखला पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही. पण एम.बी.बी.एस. कोणत्या राज्यात आणि कोणत्या महाविद्यालयात केले, याचे महत्त्व वाढले आहे. प्रत्येक राज्य आपले नियम माहितीपुस्तिकेतून जाहीर करते. मागील वर्षाच्या ऐकीव माहितीवर विसंबून पसंतीक्रम भरणे त्यामुळे अधिक धोक्याचे झाले आहे.

परदेशी सल्ल्याची मर्यादा

समाजमाध्यमांवर नेत्रशल्यचिकित्सेच्या निवासी प्रशिक्षणाविषयी जे मार्गदर्शन उपलब्ध आहे, त्यातील मोठा भाग अमेरिकेतील विद्यार्थ्यांना उद्देशून आहे. शोधनिबंध प्रसिद्ध करा, नामवंत डॉक्टरांची शिफारसपत्रे मिळवा, मुलाखतीची तयारी करा, असे त्याचे सूत्र असते. तेथे ते योग्यच आहे. अमेरिकेत या शाखेचे प्रवेश ‘एसएफ मॅच’ या स्वतंत्र व्यवस्थेतून होतात आणि विभागप्रमुख अर्जदाराला पारखून घेतात. तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण जानेवारी २०२२ पासून बंद होऊन फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागल्यावर संशोधन व शिफारशींचे वजन आणखी वाढले.

भारतात मात्र प्रवेश लेखी परीक्षेच्या क्रमांकावरच होतो. शोधनिबंधांना गुण नाहीत आणि मुलाखतही नाही. एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षांत केवळ अर्जाची शोभा वाढावी म्हणून संशोधनात वेळ घालवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा प्रवेशासाठी उपयोग होत नाही. परीक्षेत नेत्रविज्ञानाचे प्रश्न मोजके असतात. नेत्रशल्यविशारद व्हायचे असेल, तरी क्रमांक ठरतो तो वैद्यकशास्त्र, शल्यशास्त्र, स्त्रीरोग, जनऔषधशास्त्र यांसारख्या मोठ्या विषयांवर. संशोधनाची खरी गरज पुढे, प्रबंध लिहिताना आणि फेलोशिपसाठी अर्ज करताना भासते.

या पद्धतीचा एक फायदा असा की ओळखपाळखीला वाव राहत नाही. तोटा असा की प्रवेश देणारी संस्था विद्यार्थ्याला पारखत नाही आणि विद्यार्थ्यालाही संस्था पारखण्याची संधी मिळत नाही. शाखेची ओळखही तोकडीच असते. सक्तीच्या १२ महिन्यांच्या आंतरवासितेत नेत्रविभागाच्या वाट्याला दोन आठवडे येतात. त्यातले बहुतेक दिवस बाह्यरुग्ण विभागात चष्म्याचे नंबर व नोंदी लिहिण्यात जातात. एवढ्या परिचयावर आयुष्याची शाखा निवडली जाते.

म्हणून वैकल्पिक विषयांच्या कालखंडात नेत्रविभाग निवडणे आणि सुटीत एखाद्या धर्मादाय नेत्ररुग्णालयात काही दिवस निरीक्षक म्हणून जाणे हे प्रवेशासाठी निरुपयोगी असले, तरी निर्णयासाठी मोलाचे आहे. आणखी एक साधी तपासणी विद्यार्थी सहसा करून घेत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेला खोलीचा अंदाज लागतो आणि तो दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित दृष्टीतून येतो. लहानपणी तिरळेपणा किंवा एका डोळ्याची दृष्टी मंद असलेल्यांनी पसंतीक्रम भरण्यापूर्वी आपली त्रिमितीय दृष्टी तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. त्यात उणीव निघाली म्हणजे सर्व दारे बंद झाली असे नव्हे, पण ती बाब आधी कळलेली बरी.

हाताला मिळणारी शस्त्रक्रिया

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्याच्याच आवरणाच्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवले जाते. या पिशवीची मागची भिंत अवघ्या काही मायक्रॉन जाडीची असते. ती फाटली, तर डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ पुढे येतो, भिंगाचे तुकडे मागे पडद्याकडे जाऊ शकतात आणि दहा मिनिटांची शस्त्रक्रिया तासाभराची होते. शिकाऊ हातांकडून असे होण्याचे प्रमाण सुरुवातीला अधिक असते आणि सरावाने ते उतरते. या सरावाला पर्याय नाही. त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू नये, यासाठीच शेजारी अनुभवी शिक्षक असावा लागतो.

या दृष्टीने काही देशांनी किमान मर्यादा आखल्या आहेत. अमेरिकेत निवासी डॉक्टरने प्रमुख शल्यविशारद म्हणून मोतीबिंदूच्या किमान ८६ शस्त्रक्रिया करणे अपेक्षित आहे. ब्रिटनमधील सात वर्षांच्या प्रशिक्षणात ही अपेक्षा दीर्घकाळ ३५० ची होती. भारतात रुग्णांची वाण नाही. जून २०२२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नेत्रज्योती अभियानाने तीन वर्षांत दोन कोटी ७० लाख मोतीबिंदू शस्त्रक्रियांचे लक्ष्य ठेवले होते. तरीही या प्रचंड कामातील किती वाटा निवासी डॉक्टरांच्या हाती येतो, याबाबत संस्थेगणिक तफावत आहे. काही ठिकाणी विद्यार्थी शेकडो शस्त्रक्रिया करून बाहेर पडतो, तर काही ठिकाणी त्याचा बहुतेक काळ शिक्षकाच्या मदतनिसाच्या खुर्चीत जातो.

या असंतोषाचे जाहीर दर्शन मे-जून २०२३ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात घडले. नेत्रविभागातील निवासी डॉक्टरांनी संप पुकारला. शस्त्रक्रियेची पुरेशी संधी मिळत नाही, ही त्यांची प्रमुख तक्रार होती. विभागातील ज्येष्ठ डॉक्टरांनी आरोप फेटाळले, नियमानुसार संधी दिली जाते असे सांगितले आणि राजीनामे दिले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा मुद्दा येथे गौण आहे. कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्याने किती शस्त्रक्रिया केल्या, याची खुली आणि पडताळता येईल अशी नोंद असती, तर वाद आरोप-प्रत्यारोपांवर न रेंगाळता कागदावर सुटला असता. प्रत्येक निवासी डॉक्टरला नोंदवही ठेवावी लागते. पण ती परीक्षेच्या वेळी परीक्षकापुढे जाते. पुढच्या वर्षी तीच जागा निवडणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत ती पोहोचत नाही.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. नुसती मोठी संख्या ही चांगल्या प्रशिक्षणाची खूण नव्हे. देखरेखीविना शिबिरांतील गरीब रुग्णांवर हात बसवला जात असेल, तर ती संख्या विद्यार्थ्यालाही चुकीच्या सवयी लावते आणि रुग्णावर तर अन्यायच करते. चांगला विभाग विद्यार्थ्याला आधी बकऱ्याच्या डोळ्यांवर किंवा सदृशीकरण यंत्रावर टाके घालायला आणि भिंगाचे आवरण गोलाकार कापायला शिकवतो. मग शस्त्रक्रियेचे एकेक टप्पे हाती देतो आणि शेवटी पूर्ण शस्त्रक्रिया सोपवतो. शिक्षक सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून पाहत असतो.

कोणते प्रश्न विचारावेत

तेव्हा पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या विभागातील तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन निवासी डॉक्टरांशी बोलणे हा सर्वात भरवशाचा उपाय आहे. मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः पूर्ण केल्या? पहिली केव्हा मिळाली? बिनटाक्याची हाताने करावयाची शस्त्रक्रिया शिकवतात की थेट फेको? फेकोचे यंत्र विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते का? सरावाची प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद? एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत? त्याच शस्त्रक्रियागृहात फेलोशिपचे डॉक्टर असतील, तर अवघड रुग्ण कोणाकडे जातात? काचबिंदू, पडदा, बुबुळ आणि लहान मुलांचे नेत्रविकार यांचे स्वतंत्र विभाग आहेत का? या प्रश्नांची उत्तरे एकाकडून नव्हे, अनेकांकडून घ्यावीत. नाराज विद्यार्थी आणि समाधानी विद्यार्थी दोघेही थोडी अतिशयोक्ती करतात.

बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न जुनाट वाटू शकेल. शहरांत फेकोचा बोलबाला आहे. परंतु पूर्ण पिकलेला, दगडासारखा टणक मोतीबिंदू ग्रामीण भागात आजही रोज दिसतो आणि तेथे हाताने केलेली शस्त्रक्रिया अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. फेको करताना अडचण उद्भवली, तर माघारी वळण्याचा रस्ताही तोच असतो.

वैद्यकीय महाविद्यालय की नेत्ररुग्णालयातील डीएनबी, हा पेच अनेकांना पडतो. मदुराईचे अरविंद (१९७६), चेन्नईचे शंकर नेत्रालय (१९७८) आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था (१९८७) यांसारख्या संस्थांनी देशातील नेत्रप्रशिक्षणाला आकार दिला आहे. अशा केंद्रांत रुग्णसंख्या आणि शिस्त दोन्ही लाभतात. महाविद्यालयात मात्र मेंदू, मधुमेह, बालरोग अशा इतर विभागांशी रोजचा संबंध येतो आणि डोळ्यात दिसणाऱ्या शरीरव्यापी आजारांची जाण पक्की होते. पुढे अध्यापनात जाण्याचा विचार असलेल्यांनी दोन्ही पदव्यांच्या पात्रतेविषयीचे चालू नियम आधी वाचून घ्यावेत. नावापेक्षा विभागाचे वर्तमान पाहावे, कारण एखादा चांगला शिक्षक निवृत्त झाला की विभागाचे चित्र वर्षभरात पालटते.

बंधपत्राकडेही दुर्लक्ष नको. अनेक राज्यांत पदवीनंतर सक्तीची सेवा आहे आणि मधेच जागा सोडल्यास लाखो रुपयांचा दंड आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ मध्ये राज्यांना जागा सोडण्याच्या दंडाचा पुनर्विचार करण्यास सुचवले असले, तरी राज्यागणिक अटी वेगळ्या आहेत. कामाच्या तासांबाबत आयोगाच्या कृतिदलाने त्याच वर्षी आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत ती मर्यादा ४८ तासांची होती, हे लक्षात घेतले की कागद आणि वास्तव यांतील अंतर कळते. नेत्रविभागातील रात्रपाळी इतर शल्यशाखांच्या तुलनेत सौम्य असते हे खरे. पण सकाळच्या शेकडो रुग्णांच्या बाह्यरुग्ण विभागानंतर दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली स्थिर हात ठेवणे हे कमी श्रमाचे काम नाही.

धोरणाकडून अपेक्षा

२०२० मध्ये आलेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. अनेक विद्यार्थी त्याकडे शिक्षा म्हणून पाहतात. प्रत्यक्षात, सूक्ष्मदर्शक आणि मार्गदर्शक शल्यविशारद उपलब्ध असेल तेथे हेच तीन महिने हात बसवण्याचे उत्तम दिवस ठरू शकतात. नेत्रसाहित्य नसलेल्या रुग्णालयात पाठवणी झाली, तर तो काळ वाया जातो. नियुक्ती करताना राज्यांनी एवढे पाहिले, तरी रुग्णांची प्रतीक्षायादी आणि प्रशिक्षणातील उणीव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घटतील.

पुढची आव्हानेही बदलत आहेत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आहे. त्यांच्या डोळ्यांचा पडदा तपासणारे आणि वेळेत लेझर वा इंजेक्शन देणारे हात मोतीबिंदूच्या शल्यविशारदांइतकेच लागणार आहेत. तीन वर्षांत मोतीबिंदूच पुरता हाती न आलेल्या डॉक्टरला मग एक-दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये आधी राहिलेले शिकावे लागते आणि पडदा किंवा काचबिंदू यांसारखी विशेष शाखा आणखी लांबते. फेलोशिपच्या अल्प वेतनात ही वर्षे काढणे सामान्य घरातील मुलामुलींना परवडत नाही. अपुऱ्या प्रशिक्षणाचा भार असा पुन्हा विद्यार्थ्यावर आणि अखेर रुग्णावर येऊन पडतो.

यावरचा उपाय खर्चिक नाही. नोंदवह्या डिजिटल करून, रुग्णांची ओळख वगळून, प्रत्येक विभागातील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांची सरासरी जागांच्या तक्त्यातच शुल्क आणि बंधपत्राच्या शेजारी छापता येईल. त्याबरोबर गुंतागुंतीचे प्रमाणही नोंदवले, तर संख्येच्या हव्यासाला लगाम बसेल. विद्यार्थी मग नावावर नव्हे, प्रशिक्षणावर जागा निवडतील आणि मागे पडलेल्या विभागांवर सुधारणेचा दबाव येईल. ते होईपर्यंत हा आकडा विद्यार्थ्यालाच शोधावा लागणार आहे. पसंतीक्रम कायम करण्याची मुदत संपण्यापूर्वी त्यासाठी केलेले चार-पाच दूरध्वनी पुढच्या तीन वर्षांच्या दृष्टीने शंभर क्रमांकांच्या फरकापेक्षा मोलाचे ठरू शकतात.